काळ्या कोटाची डावी बाही

आमच्या घरमालकीण बाईंच्या फ्रीझरमध्ये मटार कमी आणि काचा जास्त असायच्या. वरच्या खणात खवलेला नारळ, आमसुलं आणि मटारची एक पिशवी. खालच्या दोन खणांत काळं मखमली कापड ताणून बसवलेल्या पाट्या, मायक्रोस्कोपच्या काचपट्ट्या, दोन भिंगं आणि एक बारीक ब्रश. आम्ही एडिनबराला आलो तेव्हा त्यांचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने घेतला. त्या स्वतः त्याच इमारतीत तळमजल्यावर राहायच्या. पहिल्या दिवशी चहाला बोलावलं, दुधासाठी फ्रिजचं खालचं दार उघडायच्या ऐवजी वरचं उघडलं आणि हा सगळा संसार दिसला. माझ्या नवऱ्याने विचारलं, हे काय? "बर्फ पडला की बाहेर न्यायला," बाई म्हणाल्या. "गरम वस्तूवर तो टिकत नाही." आणि लगेच बॉयलर कसा लावायचा ते सांगू लागल्या. सगळ्यांच्याच फ्रीझरमध्ये अशा पाट्या असतात, असा एकूण आविर्भाव.

बाई मूळच्या सांगलीच्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इकडे आल्या आणि तीस वर्षं एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होत्या. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा केसापेक्षा पातळ काप काढायचा, रंगवायचा, काचेवर बसवायचा आणि वर चिठ्ठी लावायची, हे त्यांचं काम. ती काच बघून रोग कोणता ते डॉक्टर सांगणार. एडिनबराच्या मराठी मंडळात निम्मे लोक डॉक्टर, त्यामुळे नवीन माणूस त्यांनाही डॉक्टरच समजायचा. बाई दरवेळी थांबवायच्या. "मी डॉक्टर नाही. मी काचा करायचे." यात नम्रपणा अजिबात नव्हता. आपण काय करायचो ते नीट कळावं, एवढीच अपेक्षा.

लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर "वेळ झाला नाही" म्हणायच्या, तेही असं की विचारणाराच ओशाळायचा. सगळे त्यांना बाईच म्हणायचे. आमची केतकी तेव्हा चार वर्षांची होती. तिला वाटलं, हे त्यांचं आडनावच आहे. पहिल्या ख्रिसमसला तिने नर्सरीत केलेल्या कार्डावर पाकळी-पाकळी जोडल्यासारख्या अक्षरांत 'मिसेस बाई' असं लिहून ते खाली नेऊन दिलं. बाईंनी ते वर्षभर फ्रिजवर लावून ठेवलं होतं आणि पोस्टमन आला तरी त्याला दाखवायच्या.

त्यांचा एक काळा लोकरी कोट होता, गुडघ्यांपर्यंत येणारा. त्याची डावी बाही फक्त बर्फासाठी. रोज संध्याकाळी त्या बाहीवरून कपड्यांचा ब्रश फिरवायच्या, एक तूस राहू द्यायच्या नाहीत. पिशव्या उजव्या हातात, छत्री उजव्या हातात, शेजारणीच्या कुत्र्याला थोपटायचं तेही उजव्याच हाताने. बर्फ पडायला लागला की रस्त्यात जिथे असतील तिथे थांबून डावा हात समोर पसरायच्या आणि उजव्या हाताने गळ्यातलं भिंग डोळ्याशी न्यायच्या. आता एडिनबरात बस थांबवायची तर हात पुढे करावा लागतो. बाई नेमक्या बसस्टॉपपाशी उभ्या राहिल्या की बसच्या मागे बस थांबायची. एकदा मी सोबत होते. ड्रायव्हरने दार उघडलं, कुठे जायचंय म्हणून विचारलं. बाईंनी मान वर न करता सांगितलं की मला कुठे जायचं नाही, पण तुम्हाला दोन मिनिटं असतील तर इकडे या. तो माणूस खरंच खाली उतरला. बाईंनी भिंग त्याच्या हातात दिलं आणि तोंडावर मफलर धरायला लावला. त्याने वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि परत जाऊन बसला. बसमधले लोक घड्याळं बघत होते. पुढच्या आठवड्यापासून त्या मार्गावरचे ड्रायव्हर बाईंना हात करून पुढे जायला लागले.

मला सुरुवातीला त्यांची भीती वाटायची. त्यांच्यासमोर उगाच काही बोलायची सोय नव्हती. पहिल्या हिवाळ्यात मी फार एकटी पडले होते. नवरा हॉस्पिटलमध्ये, केतकी नर्सरीत, चार वाजता अंधार. पुण्यात मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात दहा वर्षं नकाशे काढले होते, माझ्या रेघेचं नाव होतं. इथे नोकरीचे अर्ज परत येत होते. एक दिवस बाईंकडे मी म्हणाले की इथली माणसं थंड आहेत, कुणी आपणहून बोलत नाही. बाई भाजी चिरत होत्या. सुरी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "किती जणांशी बोललीस?"

मी मोजलं. चार जण. त्यातले दोन दुकानदार.

"चार जणांवरून अख्खं शहर थंड ठरवलंस," त्या म्हणाल्या. "आधी चाळीस तरी होऊ देत." आणि दुसऱ्या दिवशी मला शेजारच्या लायब्ररीत घेऊन गेल्या आणि लहान मुलांच्या गोष्टींच्या तासाला खुर्च्या लावायचं काम माझ्या गळ्यात मारलं. चाळीस माणसं मार्चपर्यंत झाली. त्यातल्याच एका बाईच्या ओळखीने मला किचन बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत प्लॅन काढायचं अर्धवेळ काम मिळालं. बाईंना सांगायला गेले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की मग आता माणसांबद्दल काय मत आहे. मी म्हटलं, काही थंड, काही नाहीत. "हां," बाई म्हणाल्या. "आता बघितलंयस."

मंडळाची रविवारी एका चर्चच्या हॉलमध्ये मराठी शाळा भरायची. आठ-दहा मुलं, सगळी इथेच जन्मलेली किंवा वाढलेली. बाईंकडे बाराखडी शिकवायचं काम होतं आणि ते त्या मन लावून करायच्या; फक्त बर्फ पडायला लागला की फळा तसाच ठेवून मुलांना बाहेर काढायच्या. पालकांपैकी कुणीतरी तक्रार केली. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. अक्षरं वर्षभर आहेत, बर्फ नाही.

त्यांचा बर्फाचा तास मी खिडकीतून पाहिलेला आहे. कूलबॉक्समधून फ्रीझरमधल्या पाट्या आणलेल्या असायच्या. भिंगं अर्धा तास आधीच बाहेर ठेवलेली, म्हणजे त्यांवर वाफ धरत नाही. मुलांनी मफलर नाकावर ओढायचा आणि श्वास बाजूला सोडायचा. पाटी पसरून दहा आकडे मोजायचे आणि लगेच छपराखाली यायचं. बोट लावायचं नाही. एखादा कण हलवायचा तर ब्रशच्या टोकाने. मग भिंगातून बघायचं आणि तिथल्या तिथे काळ्या कार्डावर पांढऱ्या पेन्सिलीने काढायचं. कोपऱ्यात तारीख, वेळ, तापमान, नाव.

नावं त्यांनी आपल्या घरातली दिली होती. मुलांना मराठी शब्द हवेत, तर हेच शिकवते, असं त्या म्हणायच्या. लांब बारीक कण म्हणजे सुया. आखूड, जाड, षट्कोनी ते खडू. गोल, पांढरे, मऊ ते साबुदाणे. चपट्या त्या चकत्या. आणि ग्रीटिंग कार्डावर असतात तसे सहा फांद्यांचे ते तारे. केतकी विचारायची, "बाई, हा सुई आहे?" बाई म्हणायच्या, "ही सुई." पुढच्या वेळी केतकी "हा साबुदाणा" बरोबर म्हणायची आणि "हा चकती" चुकवायची. बाई तेही न कंटाळता सुधारायच्या. पण एका गोष्टीवर त्या कडक होत्या. एखाद्या मुलाने अर्धा तुटलेला तारा पाहिला आणि कार्डावर सहा फांद्या पूर्ण केल्या, तर ते कार्ड परत यायचं. "दिसतं ते काढायचं. माहीत असतं ते नाही."

एडिनबराचा बर्फ बहुतेक वेळा ओला आणि थोड्या तासांचा पाहुणा. पण २००९ च्या डिसेंबरात तो आला तो मुक्कामालाच आला. फुटपाथ दिसेनासे झाले, शाळा बंद पडल्या. आमच्या इमारतीमागे सगळ्यांची मिळून एक हिरवळ होती, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांची. बाईंनी तिथेच रोजचा वर्ग भरवला. केतकी तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेत ती गप्प असायची. शिक्षिकेने मला दोनदा बोलावून सांगितलं होतं की हुशार असेल, पण आम्हाला कळायला मार्ग नाही. खाली बाईंकडे मात्र तिचा आवाज जिन्यातून वर ऐकू यायचा.

मंडळाने ठरवलं की संक्रांतीच्या कार्यक्रमात मुलांची बर्फाची चित्रं लावायची. आमचे अध्यक्ष हाडांचे सर्जन, उत्साही गृहस्थ. त्यांनी सर्वोत्तम चित्राला बक्षीस जाहीर केलं. बाई म्हणाल्या, बक्षीस नको. अध्यक्ष म्हणाले, मुलांना तेवढाच हुरूप. बाईंनी खांदे उडवले.

आता जे सांगायचंय ते मी आजवर फार थोड्यांना सांगितलंय.

प्रत्येक मुलाने आपलं एक कार्ड निवडायचं होतं. केतकीने निवडलं ते कार्ड मी शनिवारी दुपारी तिच्या टेबलावर पाहिलं. ती पोहायच्या क्लासला गेली होती. कार्डावर तिरक्या, तोकड्या वीस-पंचवीस रेघा होत्या आणि मधोमध एक ठोकळ्यासारखं काहीतरी, दोन्ही टोकांना टोप्या घातल्यासारखं. मला वाटलं, पेन्सिल घसरली असेल. डोळ्यांसमोर उद्याच्या कार्यक्रमातली भिंत आली. बाकीच्या मुलांची चित्रं, त्यांचे आईवडील, आणि मध्ये माझ्या मुलीच्या या रेघोट्या. कपाटात कंपास होता, पट्टी होती. मी एक कोरं काळं कार्ड घेतलं आणि एका गिफ्ट रॅपरवरचा तारा बघून सहा फांद्यांचा तारा काढला. दीड तास लागला. प्रत्येक फांदीला सारख्या मापाची पिसं. खाली तिच्या कार्डावरची तारीख, वेळ आणि तापमान तिच्याच अक्षरांत उतरवलं. तिचं नावही. नकाशे काढणाऱ्या बाईला कुणाचंही अक्षर काढता येतं.

आता खरं सांगते, ते बक्षीस केतकीसाठी नव्हतंच. किचनचे प्लॅन सोडले तर पाच वर्षांत माझ्या हातचं काही कुणी पाहिलं नव्हतं.

केतकी ओल्या केसांनी घरी आली आणि कार्डासमोर उभी राहिली. "But that's not mine," ती म्हणाली.

"तुझंच आहे," मी म्हटलं. "मी फक्त नीट केलं."

ती टॉवेल घेऊन केस पुसायला गेली. तिचं मूळ कार्ड मी ड्रॉवरमध्ये टाकलं.

रविवारी तारा मधोमध लागला. लोक त्याच्यापाशी थांबत होते. अध्यक्षांनी केतकीच्या पाठीवर थाप मारली, माझ्या नवऱ्याचं अभिनंदन केलं. मी तिळगूळ वाटत होते आणि मला आत कुठेतरी छान वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. मग बाई आल्या. त्या एकेका चित्रापाशी थांबून भिंगातून बघत होत्या, पाहणीला आल्यासारख्या. ताऱ्यापाशी आल्या. आधी चित्र पाहिलं, मग कोपऱ्यातली तारीख वाचली. पिशवीतून आपली वही काढली. त्या वहीत रोजच्या बर्फाची नोंद असायची, काय पडलं, किती वाजता, तापमान किती. पान उलटलं. त्या दिवशी दुपारभर नुसत्या सुया पडल्या होत्या. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला सगळं कळलं.

बाईंनी केतकीला जवळ बोलावलं. आजूबाजूला पाच-सहा जण होते. हळू आवाजात विचारलं, "हे तू पाहिलंस?"

केतकीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात तिळगुळाचा डबा होता. मी एक शब्द बोलू शकले असते. मी डब्याचं झाकण लावलं.

"हो," केतकी म्हणाली.

"बरं," म्हणून बाई पुढच्या चित्राकडे वळल्या. थोड्या वेळाने बक्षीस दिलं गेलं, लहान मुलांचा एक मायक्रोस्कोप. केतकीने तो घेतला, थँक यू म्हणाली आणि गाडीत घरी येईपर्यंत मांडीवर ठेवून बाहेर बघत बसली.

दुसऱ्या दिवशी बर्फ पडत होता. केतकी खाली गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी विचारलं तर म्हणाली की पोट दुखतंय. मायक्रोस्कोपचा खोका तिने उघडलाच नव्हता. मागच्या हिरवळीवर बाकीची मुलं पाट्या घेऊन उभी होती, त्यांचे आवाज येत होते. नऊ वर्षांची मुलगी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली. ती खोटं बोलली होती माझ्यासाठी, आणि लाज वाटून घेत होती तीच. चौथ्या दिवशी बंद असलेली शाळा पुन्हा उघडली, आणि सकाळी ती गेल्यावर मी ड्रॉवरमधून तिचं कार्ड काढलं आणि जिना उतरले.

बाई कोटाची बाही ब्रशने साफ करत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्या ऐकत राहिल्या, ब्रश थांबला नाही.

"ठाऊक होतं," शेवटी म्हणाल्या. "ती रेघ नऊ वर्षांच्या मुलीची नव्हती. तुझी रेघ चांगली आहे."

मी विचारलं, मग तुम्ही तिथेच बोलला का नाहीत?

"मी बोलायचं नव्हतं. तू होतीस ना तिथे."

मला रडू आलं. बाईंनी माझी समजूत काढली नाही. खुर्ची पुढे सरकवली, चहा ठेवला, आणि मग त्यांनी आपली एक गोष्ट सांगितली. लॅबमधलं त्यांचं ते दुसरं-तिसरंच वर्ष. एके दिवशी दोन काचांच्या चिठ्ठ्यांची त्यांच्या हातून अदलाबदल झाली. जेवणानंतर त्यांच्याच लक्षात आलं. उरलेल्या गाठींशी ताडून पाहिलं, तर चिठ्ठीवर एकीचा नंबर आणि काचेवर दुसरीच्या गाठीचा काप. तोवर डॉक्टरांनी काचा बघून फोनवर निदान कळवलंही होतं. एका धडधाकट बाईची ऑपरेशनची तयारी सुरू झाली होती. बाई धावत डॉक्टरांकडे गेल्या आणि म्हणाल्या की चूक माझी आहे. ऑपरेशन थांबलं. त्यांना वरची जागा मिळायची होती ती पुढे सहा वर्षं मिळाली नाही.

"वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं ना. सहा वर्षं वाटलं." त्या कपात दूध घालत होत्या. "पण ती बाई नंतर मला बसमध्ये दिसायची. मार्केटच्या पिशव्या घेऊन. तिला मी कोण ते माहीत नव्हतं. मी तिच्या शेजारी जाऊन बसू शकायचे, एवढं मला पुरलं."

मग त्यांनी हात पुढे केला. मूळ कार्ड कुठे आहे? मी दिलं. त्यांनी चष्मा लावला, वर भिंग धरलं. चहा तसाच राहिला. मग मधल्या त्या ठोकळ्यावर बोट न टेकवता विचारलं, "हे तिनं पाहिलं?"

मी म्हटलं, मला वाटलं पेन्सिल घसरली.

बाई उठल्या आणि कपाटातून एक जुनी वही काढून पानं उलटू लागल्या. एका पानावर त्यांनीच काढलेली आकृती होती. खडूसारखा एक कण, आणि त्याच्या दोन्ही टोकांना चपट्या चकत्या. दोऱ्याच्या रिळासारखा. शेजारी नोंद, आणि ती नोंद वीस वर्षांपूर्वीची होती. खडू तयार होता होता वेगळ्या थंडीच्या हवेत शिरला, की टोकांना अशा चकत्या फुटतात, त्यांनी समजावलं. एवढ्या वर्षांत त्यांना स्वतःला तो तीनदाच दिसला होता. त्या दुपारी त्या तिथेच, केतकीच्या शेजारी उभ्या होत्या आणि त्यांच्या पाटीवर नुसत्या सुया होत्या.

"हे तू ड्रॉवरमध्ये टाकलंस," बाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. पण तेवढं वाक्य मला पुरलं.

केतकी शाळेतून आली तेव्हा बाई आमच्या स्वयंपाकघरात बसलेल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या जिना चढायच्या नाहीत. पाच वर्षांत आमच्या घरी पहिल्यांदाच आल्या होत्या. केतकी दारातच थांबली. बाईंनी टेबलावर तिचं कार्ड ठेवलं, शेजारी वही आणि पेन्सिल. आणि एखाद्या बरोबरीच्या माणसाला विचारावं तसं विचारायला लागल्या. कुठली बाजू मोठी होती? मधला भाग काचेसारखा होता की दुधी? किती वेळ टिकलं? केतकी आधी एकेका शब्दात उत्तरं देत होती. मग पुढे झाली, दप्तर पाठीवर तसंच.

"एक टोपी मोठा होता," ती म्हणाली. "आणि मधला पार्ट क्लिअर होता. मला वाटला तो broken आहे. पण तुम्ही सांगितलं होतं ना, दिसतं ते काढायचं."

बाईंनी लिहून घेतलं. "एक टोपी मोठी होती," आधी व्याकरण सुधारलं, मग मान वर केली. "तू त्या दिवशी हो म्हणालीस ते खोटं होतं. कळतं ना?"

केतकीने मान हलवली. डोळे भरले होते.

"आणि हे खरं आहे. दोन्ही तूच केलंस. आता पुढे काय करायचं ते आई करेल."

मी केलं. पुढच्या रविवारी मराठी शाळेत, मुलांसमोर आणि न्यायला आलेल्या पालकांसमोर उभी राहिले आणि सांगितलं की तो तारा मी काढला, केतकीने नाही, आणि तिला विचारलं गेलं तेव्हा मी गप्प बसले. अध्यक्ष म्हणाले, जाऊ द्या हो, मुलांसाठी आपण सगळेच करतो. बाई मागून म्हणाल्या, "सगळे करत नाहीत." मी मायक्रोस्कोपचा खोका अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला. एका लहान मुलीने हात वर करून विचारलं की मावशीला detention मिळणार का. लोक हसले, मीही हसले, आणि हसताना लक्षात आलं की आठवडाभर मी धड श्वासही घेतला नव्हता.

बाईंच्या मते शिक्षा व्हायलाच हवी होती, आणि ती त्यांनी ठरवली. बर्फ असेपर्यंत रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी हिरवळीवर यायचं, पाटी धरायची आणि काढायचं. पहिले दोन आठवडे माझं एकही कार्ड त्यांनी ठेवून घेतलं नाही. माझा हात आपोआप सहा फांद्या काढायचा, सगळ्या सारख्या. केतकी शेजारी उभी राहून म्हणायची, "आई, तू बघत नाहीये. तू just drawing करते." फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका सकाळी माझ्या पाटीवर एक चकती पडली, एका कडेला थोडी चिरलेली. मी तेवढीच काढली, चिरेसकट. बाईंनी भिंगातून चकती पाहिली, कार्ड पाहिलं, आणि ते आपल्या कोटाच्या खिशात टाकलं.

केतकी शाळेत पुढेही गप्पच राहिली. पण शिक्षिकेने परत बोलावलं नाही. त्या वसंतात तिने वर्गात बर्फाच्या कणांवर दहा मिनिटं भाषण केलं आणि त्यात रिळाला 'रीळ'च म्हटलं. त्याचं इंग्लिश नाव तिला ठाऊक होतं, तरी.

बाई आणखी काही वर्षं तिथे होत्या. मग गुडघ्यांनी अगदीच हात टेकले, तेव्हा त्यांची भाची त्यांना लंडनला, स्टॅनमोरला घेऊन गेली. कोट नेला, पाट्या आमच्याकडे ठेवल्या. तिकडे बर्फ पडतच नाही, पडला तर चिखलच होतो, अशी त्यांची तक्रार. आम्ही तोवर शहराबाहेर आपलं घर घेतलं होतं. टीव्हीवर स्कॉटलंडचं हवामान दिसलं की सकाळी सकाळी त्यांचा फोन यायचा. प्रकृतीची चौकशी, केतकीची चौकशी, असलं काही आधी नाही. थेट विचारायच्या, "काय पडतंय?"

पहिल्यांदा असा फोन आला तेव्हा मी कामाला निघायच्या गडबडीत होते. खिडकीबाहेर सगळं पांढरं होतं. बर्फ, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि थांबले. "बघून सांगते," म्हटलं. फोन तसाच टेबलावर ठेवला, फ्रीझरमधून पाटी काढली, मागच्या अंगणात गेले. मफलर नाकावर, दहा आकडे. छपराखाली आले. पाटीवर तारे होते. एक-दोन नव्हे, आठ-दहा, आणि त्यातल्या एकाच्या सहाही फांद्या शाबूत. इतकी वर्षं इथे काढून असा तारा मी पहिल्यांदाच पाहत होते. माझा गिफ्ट रॅपरवरचा तारा त्याच्यापुढे अगदीच जाडाभरडा होता. मी धावत आत आले आणि दम लागलेल्या आवाजात बाईंना सांगितलं. तारे, बाई. एक तर पूर्ण सहा फांद्यांचा.

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"तापमान किती?"

ते मी पाहिलंच नव्हतं.

"मग जा परत," बाई म्हणाल्या. "मी थांबलेय."